जास्तीचं गेट

म्हैसूरच्या आमच्या कॉलेजात डिजिटल सर्किट शिकवणारे एक सर आहेत. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कन्नड मिसळलेलं. कुणाच्या समीकरणात जास्तीचं पद दिसलं की ते खोडून विचारतात, "हे सुम्ने कशाला?" सुम्ने म्हणजे उगाच. त्यांचं बोलणंही असंच छाटलेलं. लग्नाची पत्रिका दिली तरी "येतो" एवढंच.

एकदा मात्र त्यांनीच फळ्यावरच्या सर्किटात एक जास्तीचं गेट जोडलं. मी मागून हसून म्हटलं, "सर, हे सुम्ने कशाला?"

"इनपुट बदलताना एक गेट सोडतं, दुसऱ्यानं अजून धरलेलं नसतं. तेवढ्यात आउटपुट क्षणभर पडतं. तेव्हा हे धरतं. अष्टे, एवढंच."

गेल्या वर्षी बाबा दवाखान्यात होते. दिवसा भाऊ थांबायचा, संध्याकाळपासून मी. एकदा भाऊ सरगूरची बस गाठायला निघून गेला आणि मी हूटगळ्ळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. धापा टाकत वर पोचलो, तर बाबांच्या कॉटशेजारी सर! ऑक्सिजनचा मास्क ओढू पाहणारा बाबांचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

नर्स कन्नडमध्ये म्हणाली, "हे रोज याच वेळेला बाहेर पार टोकाच्या बाकावर बसतात. तुम्ही दोघं बदललात की जातात."

"सर, रोज कशाला..." मी कॉटजवळ गेलो.

त्यांनी बाबांचा हात माझ्या हातात दिला. पण मी तो नीट धरेपर्यंत स्वतःचा सोडला नाही.