काकांच्या दुकानाला दोरी

आमचे काका पंक्चर काढतात. दुकान म्हणजे बसस्टॉपमागचा कोपरा: खांबाला टांगलेला फाटका टायर, पोचे आलेला पाण्याचा टब आणि एका पायाच्या जागी विटा लावलेलं स्टूल. त्या रस्त्यावर जागा कुणाच्या नावावर नसते. ज्याचं सामान पसरलेलं, त्याची जागा. म्हणून काका कधी काही आवरत नाहीत. घरीही नाही, पण ते केवळ सवयीनं.

सासरी असलेल्या मुलीकडे आठवडाभर जायचं ठरलं आणि काकू हट्टाला पेटली. "चार लोक बघतात. निदान जाताना तरी आवरा!" आयुष्यात पहिल्यांदा काकांनी बायकोचं ऐकलं. सगळं नीट बांधून खांबाशी ठेवलं. तिथेच घात झाला. पसरलेलं असतं तर दुकान वाटलं असतं. बांधल्यावर तो कचरा झाला.

परत येऊन बघतात तर सामान गायब आणि कोपऱ्यावर मोबाइलची कव्हरं विकणारा.

"तुमचं इथे काय आहे, काका?" त्यानं विचारलं.

खरंच काही नव्हतं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण हा नियम काकांनीच वर्षानुवर्षं आरडाओरडा करून सगळ्यांना शिकवला होता. काका खांबाला हात लावून नुसते उभे राहिले. मला फार वाईट वाटलं.

चहावाल्यानं सांगितलं, एक कलाकार मुलगी सगळं टेम्पोत घालून प्रदर्शनाला घेऊन गेली. आम्ही त्या हॉलमध्ये पोचलो. मधोमध दिव्याच्या उजेडात काकांचा टायर, स्टूल, शिवाय कुठले कुठले तुटके फलक आणि चपला. भोवती जाड लाल दोरी, पाटी: 'कृपया हात लावू नये'. काका दोरीखालून थेट आत.

"अहो काका, ती कलाकृती आहे!" मुलगी धावत आली.

"असेल! पण टब उपडा का घातलाय? दुकान बुडालं असं वाटतं ना लोकांना!"

काकांनी टब सुलटा केला, स्टूलखाली विटा सरकवल्या आणि बसले. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका चक्क लाजले.

काकांची जागा गेल्याचं ऐकून त्या मुलीचा चेहरा उतरला. "मला वाटलं, कुणी टाकून दिलंय." प्रदर्शन संपताच तिनं भल्या सकाळी सगळं कोपऱ्यावर आणून मांडलं, अगदी दोरी आणि पाटीसकट. कव्हरवाला आला, दोरी बघून थबकला. "सरकारी काम दिसतंय," असं पुटपुटत त्यानं मुकाट्यानं समोरचा फुटपाथ गाठला.

जागा मिळाली, पण गिऱ्हाईक फिरकेना. लोक सायकली धरून दोरीबाहेर उभे राहायचे, मान तिरकी करून काकांना न्याहाळायचे आणि हळू आवाजात बोलत पुढे जायचे.

"अरे, जिवंत आहे मी!" काका शेवटी कडाडले. "आणा ती सायकल इकडे!"

दुपारी काकू डबा घेऊन आली. दोरी, पाटी, ओळीत लावलेलं सामान बघून तिचा चेहरा खुलला.

"बघा," ती म्हणाली, "आवरलं की कसं छान दिसतं!"

काकांनी दोरी सोडली आणि डब्याला हात लावण्याआधी सगळं पुन्हा पसरून टाकलं.