उंचावरची माणसं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या मालकांचंच नाव सांगेन. इथं नाव लिहीत नाही, नुसतं मालक म्हणतो. कारखान्यातही आम्ही सगळे तेच म्हणायचो. त्यांची एक सवय होती. ओतून तयार झालेला लोखंडी तुकडा ते हातोडीनं हलकेच ठोकायचे आणि कान जवळ नेऊन ऐकायचे. खणखणीत वाजला तर माल चांगला, बद्द वाजला तर आत कुठंतरी चीर. "बघ, सांगतंय ते. सोप्पं हाय की," म्हणायचे आणि पुढचा तुकडा उचलायचे.

त्यांना सगळंच सोपं वाटायचं. माझे वडील त्यांच्याकडं हमाली करायचे. बारावीनंतर मी तिथंच पॅकिंगला लागलो, तेव्हा मालकांनी विचारलं, "फुडं शिकणार न्हाईस?"

"घरात कुणाला त्यातलं काय कळत न्हाई, मालक."

"कळायचं काय त्यात? सोप्पं हाय की."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर कॉलेजात आले. अंगावर कारखान्यातलाच शर्ट, बाहीला तेलाचे डाग. खिडकीसमोरच्या रांगेत उभे राहिले. कारकुनानं विचारलं, "तुम्ही मुलाचे कोण?" तर म्हणाले, "पालक." परीक्षा आली की मला दुपारनंतर सुटी मिळायची. मी बी.कॉम. झालो तेव्हा त्यांनी स्वतः प्रत्येक मशिनपाशी जाऊन पेढे वाटले आणि मला ऑफिसात खुर्ची दिली. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारा मी पहिला. हे मी विसरलेलो नाही. पुढचं वाचताना तुम्हीही विसरू नका.

कारखाना पंपाचे भाग बनवायचा. जागा नाल्याच्या कडेची. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी नदीत जायचं सोडून मागं सरतं. तरी आमच्या शेडमध्ये ते कधी आलं नव्हतं. आलं ते त्या मोठ्या महापुरात, भर दुपारी.

आमच्याकडं आप्पा नावाचे लेथवरचे जुने टर्नर होते. माझ्या शेजारच्या गावचे, दोन्ही गावं नदीकाठची. पाणी शेडमध्ये शिरलं तेव्हा सगळ्यांची धांदल मशिनभोवती. आप्पा ओरडले, "मशिन कुठं वाहून जात न्हाईत, पॅटर्न उचला की." पॅटर्न म्हणजे लाकडाचे नमुने, त्यांच्यावरून वाळूत साचा उठवतात. ते गिऱ्हाइकांच्या मालकीचे. भिजले की फुगतात, मग नुसतं नुकसान नव्हे, गिऱ्हाईकच जातं. छातीएवढ्या पाण्यातून आप्पांनी आणि दोघा पोरांनी सगळे पॅटर्न डोक्यावरून माळ्यावर नेले. शेवटचा नेल्यावर आप्पा वरूनच म्हणाले, "मालक, फुडच्या बारीला कारखाना नावंतच बांधा. मी वल्हवतो." मालक हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

त्याच दुपारी आप्पांच्या घरात पाणी शिरलं होतं. मागची भिंत पडली. त्यांना ते सगळं आवरून रस्त्यावर आल्यावर कळलं.

पूर ओसरला आणि मालक कामाला लागले. बाकीचे कारखानदार चिखल धुऊन पुन्हा जागच्या जागी बसले. मालकांनी तसं केलं नाही. शेडची जमीन पुरुषभर उंच केली. विजेचे बोर्ड डोक्याच्या वर नेले. जनरेटर गच्चीवर चढवला. पुरात हायवे बंद पडतो आणि माल अडकतो, म्हणून नदीच्या पलीकडं एक गाळा घेतला. पावसाळा तोंडावर आला की तयार माल तिकडं जायचा. विमा उतरवला. शेजारी टिंगल करायचे, "पाव्हणं, कारखान्याला जिना करताय का लिफ्ट?" मालक म्हणायचे, "पाणी आपल्याला विचारून येत न्हाई. आपुनच सरकून बसायचं. सोप्पं हाय की." मला त्यांचा अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो, एवढ्या कामापुरता.

दुसरा महापूर आला. कारखान्याच्या फरशीला पाण्याचा थेंब लागला नाही. रस्ता मोकळा झाला तसं मशिन सुरू करायला आम्ही गेलो, आणि शेडमध्ये बसून राहिलो. चालवायला माणसंच नव्हती. निम्मे कामगार नदीकाठच्या गावांतले. कोण शाळेतल्या छावणीत, कोण जनावरं घेऊन माळावर. वडिलांमागं घरी आई एकटीच, मीसुद्धा तिला पाहुण्यांकडं पोचवून आलो होतो.

नंतर पुण्याच्या कंपनीचा साहेब पाहणीला आला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ती कंपनी. उंच केलेली जमीन, गच्चीवरचा जनरेटर बघून खूश झाला. चहा घेताना सहज बोलल्यासारखं म्हणाला, "मशिनचं झालं. मनुष्यबळाचं काय? पुढच्या वेळी पुन्हा हेच झालं तर आम्हाला दुसरीकडं बघावं लागेल."

मालक त्याला सोडून आले आणि शेडमधून एक फेरी मारली. मग मला म्हणाले, "मशिन उंचावर नेली. माल उंचावर नेला. आता माणसंबी उंचावरचीच घ्यायची. सोप्पं हाय की."

मला वाटलं, चिडून बोलतायत. ते चिडलेले नव्हते.

आठवड्यानं आप्पा आले. घरातला गाळ काढून काढून हाताची कातडी सोललेली. "उतरलं बघा पाणी," म्हणाले आणि मशिनकडं वळले. मालकांनी त्यांना ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. हिशेब चोख केला होता, वर थोडे जास्तच घातले होते.

"आप्पा, तुमच्या कामात खोट न्हाई. पर तुमचं गाव नदीला हाय."

"व्हय, आज्ज्यापासनं हाय."

"दरसाल तुमी अडकणार. मला ऑर्डर जाऊन चालायची न्हाई. चाळीस घरं हायत माझ्यावर."

"त्यात माझं एक धरलंय न्हवं?"

मालकांनी चहाचा कप त्यांच्याकडं सरकवला. आप्पांनी चहा घेतला नाही. उठताना म्हणाले, "त्या दिवशी पॅटर्न डोक्यावरनं नेलं, तवा मी कुठल्या गावचा हुतो, मालक?"

मालकांनी हिशेबाचं पाकीट त्यांच्यापुढं धरलं. आप्पांच्या मागोमाग नदीकाठचे आणखी कामगार गेले. पुरातही कामावर येऊ शकेल असाच माणूस ठेवायचा, असा लेखी नियम ऑफिसात लागला. सगळ्यांचा हिशेब चोख. कायद्यात बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांच्या जागी माळावरच्या गावांतली पोरं आली, तीही गरजूच होती.

मी धीर करून बोललो. "मालक, नदीकाठच्यांना आणायला गाडी ठेवूया. नाहीतर पावसाळ्यात शहरात चार खोल्या घेऊन त्यांना ठेवूया. जनरेटरपेक्षा स्वस्त पडंल."

"बायकापोरं? जनावरं? तीबी आणणार व्हय खोलीत?" ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "तुझं न्हाई रे म्हणत मी. तू शिकलायस. तू शहरात खोली घे, भाडं मी देतो. तू बसतोस ह्यात."

आता कारखाना नाल्याकडं नाही. मलकापूरच्या वाटेवर माळावर नवी शेड उभी राहिली आहे. व्यापाऱ्यांच्या बैठकीत मालकांना भाषणाला बोलावतात. बदलत्या हवामानात धंदा कसा टिकवावा, हा विषय. ऐकणारे सांगतात, चांगलं बोलतात. आप्पा मार्केट यार्डात गुळाच्या ढेपांची हमाली करतात. मी भेटलो तर मालकांची चौकशी करतात, वाईट बोलत नाहीत. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

नव्या शेडमध्ये माझी खुर्ची मांडलेली होती. मालकांचे दोनदा फोन आले, "कवा येतोस?" फोनवर मला सांगता येईना. म्हणून पत्र पाठवलं.

तीर्थस्वरूप मालक यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. नव्या जागेत सगळं सुरळीत असेल. दुपारची गोळी जेवणाआधी घेत जा, तुम्ही विसरता.

तुम्ही फोनवर विचारलंत, मी तुला काय कमी केलं. काहीच नाही. मी आज जो काही आहे तो तुमच्यामुळं, हे मी कुणालाही सांगतो.

शहरात खोली घ्यायचं मी मनावर घेतलं होतं. पण आई गाव सोडायला तयार नाही. नदीला पाणी वाढलं की तिला काढायला मलाच जावं लागणार, आणि तिच्याबरोबर शेजारच्या म्हाताऱ्यांनाही. त्या दिवशी मी कामावर नसेन. किती दिवस नसेन, ते मला आत्ता सांगता येणार नाही. तुम्ही घातलेला नियम मी नीट वाचला. मी त्यात बसत नाही.

आपला आज्ञाधारक