वस्त्रगाळ रेती

पूर्वी माझ्या तोंडाला खळ नसायचा. आता एका वाक्यात दोनदा थांबावं लागतं, आणि शेजारपाजारच्यांना वाटतं, म्हातारी शहाणी झाली, तोलूनमापून बोलते. वाटो. समजावून सांगायलाही श्वास लागतो.

तरुणपणी मी गावाबाहेरच्या एका ओतकामाच्या शेडमध्ये रेती चाळायला जायचे. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांचे भाग तिथे ओतत. लोखंड ओतायला साचा लागतो, साच्याला बारीक पांढरी रेती, आणि ती बारीक करायला आम्ही बाया, रांगेनं बसलेल्या. पोतं उपडं केलं की धूर निघावा तशी धूळ उठायची. त्या रांगेतली एक ठमी आजही डोळ्यांपुढे येते. संध्याकाळी चेहऱ्यावर धूळ बसली की ती हापशावर जायची, बादलीतल्या पाण्यात तोंड बघायची आणि म्हणायची, "पाहा वो, गोरी दिसून राह्यली का नाई? फुकटची पावडर!" ती ठमी मीच.

मुकादम तोंडाला बांधायला फडकी द्यायचा. ठमीचं फडकं कायम हनुवटीखाली. तोंड बांधलं तर बोलणार कशी? रांगेला हसवणं हे तिचं खरं काम, रेती आपली जोडधंदा. सुट्टी झाली की गुळाचा खडा मिळायचा. गूळ खाल्ला की धूळ पोटात उतरते, असं सगळेच मानायचे. ठमी भांडून मोठा खडा घ्यायची. तिला वाटायचं, जितका मोठा खडा, तितकी छाती साफ.

पुढे खोकला लागला. टीबी म्हणून गोळ्या झाल्या, खोकला हलला नाही. मग एका दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, आधी काय काम करायच्या तुम्ही?"

म्हटलं, "बोलाचं."

त्या हसल्या नाहीत. छातीचा फोटो उजेडाकडे धरून त्यांनी सांगितलं, रेतीची धूळ आत बसली आहे, फुप्फुस घट्ट होत चाललंय. ती आता निघायची नाही, आहे तेवढा श्वास सांभाळायचा. मी गुळाचं विचारलं. म्हणाल्या, गूळ पोटात जातो, धूळ छातीत. इतकं साधं. आणि ठमी खड्यासाठी भांडत होती.

हे सगळं घरात ठाऊक असताना माझी सून त्याच शेडमध्ये कामाला लागली. शेतात उन्हात वाकण्यापेक्षा सावलीतलं काम, म्हणाली. तिची जीभ थेट माझ्यावर गेलीय, पोटची नसूनही. संध्याकाळी ती दारात उभी राहून ओढणी झटकायची आणि तिथेच खाली माझी नात रांगत असायची.

"झटकू नको वो तिथं," मी म्हणायचे.

"ओढणीनं तोंड बांधलेलं असते ना माह्यं, आई. वरून गूळबी खाल्ला."

"गुळाचं तुले कोणं सांगतलं?"

"तुमीच त सांगतलं!"

खरं होतं. डॉक्टरीणबाई भेटायच्या आधी मीच कौतुकानं सांगितलं होतं. त्यानंतर मी पुष्कळ बडबडले, पण दम खात खात बोलणाऱ्या बाईचा धाक कोणाला वाटतो? मी श्वास घेईपर्यंत ती चुलीशी पोचलेली असायची. मला आपलं रोज वाटायचं, हिचीही छाती माझ्यासारखी होणार, आणि या पोरीला कडेवर घ्यायला घरात कोणाकडे दम उरणार नाही.

एका सुट्टीच्या दिवशी तिनं केसांसाठी शिकेकाई कुटली. पातेल्यावर जुनी ओढणी ताणून बांधली आणि भुकटी तिच्यावर घासू लागली.

"चाळणी काऊन नाई घेतली?" मी विचारलं.

"चाळणीतून जाडंभरडं पडते, आई. कपड्यातून कसं मैद्यावानी येते. वस्त्रगाळ."

"हाव? मंग तोंडाले काय बांधतं तू?"

तिचा हात थांबला. तिनं ओढणी सोडून आत पाहिलं. तळाशी मऊसूत थर. तेवढ्यात दोघींना अशा शिंका सुटल्या की नात टाळ्या पिटू लागली. शिंका थांबल्यावर सून ती ओढणी उजेडाकडे धरून बघत राहिली. मला अजून बरंच सुनवायचं होतं, पण श्वास पुरेना. पहिल्यांदाच दम नसल्याचा मला फायदा झाला.

दुसऱ्या दिवशी तिनं हे शेडमधल्या बायांना सांगितलं. बाया मुकादमाकडे गेल्या, तर तो म्हणाला, ओली करून चाळा मग. ओली रेती चाळणीतून पडत नाही, हे त्यालाही ठाऊक. चारी बाजूंनी बंद चाळणीचं यंत्र कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होतं. बाया दारातच बसून राहिल्या, आत जाईनात, तेव्हा कुठं ते चालू झालं. आता झाडण्याआधी जमिनीवर पाणी मारतात. कपडे तिथेच बदलून येते ती. नाकावर घट्ट बसणारा मास्क मिळतो, म्हणजे मागावा लागतो, पुन्हा पुन्हा. यंत्र बिघडलं की परत हातानं चाळणं आलंच. आमच्याकडे सुधारणा पाहुण्यासारखी येते, एक पाय दाराबाहेर ठेवून.

परवा सून तोंड पाडून आली. नाकावर मास्कचा लाल वळ.

"काय झालं वो?"

"यंत्र बंद होतं. दिवसभर थो मास्क घोड्याच्या तोबऱ्यावानी तोंडावर. एक शब्द नाई बोलली मी आज, आई. एक बी नाई."

"मंग बोल आता."

आणि ती सुरू झाली. मुकादमाची चाल, कोणाची पोरगी कोणासंगं गेली, आर्वीच्या बसमधलं भांडण, सगळं. स्वयंपाक राहिला, नात झोपली, हिचं सुरूच. गोष्टी चांगल्या रंगवते, पण शेवट लांबवते. मी असते तर त्या भांडणात दोन वाक्यांत हशा पिकवला असता. मध्ये तोंड घालावंसं फार वाटलं. दम पुरला नाही, हे तिचं नशीब.

भिंतीला टेकून ऐकत बसले. ती एका दमात बोलत होती.