सहावारी

अमेरिकेत बेलव्ह्यूमधल्या आमच्या शनिवारच्या सिल्क पेंटिंगच्या क्लासमध्ये काका वयाने सगळ्यांत मोठे, साठीला आलेले. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, त्यामुळे कापडाकडेही त्याच नजरेने बघायचे. माझा स्कार्फ उजेडात धरून म्हणायचे, "रंग इथे लीक झालाय. फिक्स करा." राग यायचा, पण ते म्हणत ते खरं असायचं.

शेवटच्या प्रदर्शनासाठी प्रत्येकाने एक स्कार्फ रंगवायचा होता. काका म्हणाले, "मी साडी करणार."

टीचर हसल्या. फ्रेमवर एका वेळी जेमतेम मीटरभर कापड ताणता येतं. पुढचा भाग घेतला की आधीची नक्षी जुळत नाही. काकांची पहिली साडी तशीच वाया गेली. त्यांनी ती नीट घडी करून ठेवली आणि दुसरं रेशीम मागवलं. पुढचे दोन महिने त्यांच्या गराजमध्ये अख्खी साडी ताणता येईल एवढी लांब फ्रेम होती, गाडीला जागा नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी त्यांची भिंत रिकामीच. टीचर दोनदा दारापर्यंत जाऊन आल्या. मग काका आले, आणि त्यांच्यामागून काकू, नवी साडी नेसून. निळ्या रेशमावर निऱ्यांतून निघालेली वेल पदराच्या टोकापर्यंत गेली होती, कुठेही न तुटता. सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला.

"काका, भिंतीवर नाही लावलीत?" मी विचारलं.

"साडी टांगून कशी कळणार?" ते म्हणाले आणि काकूंकडे वळले. "जरा पुन्हा चालून दाखव ना."

काकू लाजल्या, पण पदर पसरून हॉलभर चालल्या. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या काकाच वाजवत होते.