शेडमधलं इंजिन

जयगडच्या वाटेवर आंब्याच्या एका जुन्या पॅकिंग शेडमध्ये मी आणि माझा नवरा उपग्रहाचं इंजिन बनवत होतो. सांगितलं की लोक आधी हसायचे. बंगळूरच्या नोकऱ्या सोडून आम्ही त्याच्या गावी आलो होतो.

इंजिन तळहातावर मावेल एवढं. त्यात झेनॉन वायू सोडायचा, विजेने त्याचा प्लाझ्मा करायचा आणि तो वेगाने मागे फेकायचा. जोर किती, तर हातावर कागद ठेवल्यावर जाणवतो तेवढा. पण अवकाशात अडवायला काही नसतं. तोच जोर महिनोन्‌महिने मिळाला की दळणवळणाचा अख्खा उपग्रह आपल्या जागी चढतो. म्हणून इंजिन न थांबता चालतं हे आम्हाला ते घेणाऱ्या उपग्रह कंपनीला उड्डाणाआधी सिद्ध करून दाखवायचं होतं. स्टीलच्या टाकीतली हवा उपसून आत ते पेटवलं होतं. सासरे, निवृत्त खलाशी, दुपारचा डबा घेऊन यायचे आणि टाकीच्या काचेतून तो निळा उजेड बघत बसायचे.

एका दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण तेवढ्यात हवा उपसणारा पंप आचका देऊन थांबला आणि पंप व टाकीमधली झडप अर्धवट बंद होऊन अडकली. बाहेरची हवा आत घुसली. नवरा झडपेला लोंबकळला, तरी ती हलेना. उजेड विझला.

इंजिन पेटवणारी एक छोटी नळी असते, कॅथोड. ती तापलेली असताना दमट हवा लागली की कामातून जाते, आणि आमच्याकडे तर बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं. दुसरं कॅथोड नव्हतं. नवीन परदेशातून यायला महिने लागणार होते.

झडप ठोकून सोडवल्यावर आम्ही पुन्हा हवा उपसली, कॅथोडभोवतीच्या तारेत वीज सोडून ते तापवलं. काही नाही.

"अजून वाढव," मी म्हणाले.

"तार जळेल."

"नाहीतरी मेलंच आहे ते. वाढव!"

त्याने वाढवलं. तार जळाली. तो तिथेच फरशीवर बसला आणि म्हणाला, "मी थकलो गं. आता नाही होत."

उपग्रहवाल्या कंपनीला फोन मीच केला, काही न लपवता सांगितलं. पलीकडचे गृहस्थ सभ्यपणे म्हणाले, "वाईट वाटतं, मॅडम. पण उड्डाण आम्हाला थांबवता येणार नाही." फोन ठेवला तर सासरे डबा उघडून उभे होते. "जेव गो आधी," एवढंच बोलले.

काम दुसऱ्यांकडे गेलं. नवरा बंगळूरला परत नोकरीला लागला. मी मात्र राहिले. नवं कॅथोड मागवलं आणि ते येईपर्यंत झडप खोलून दुरुस्त केली.

पावसाळा सरल्यावर नवं कॅथोड आलं. मी बसवलं, सासऱ्यांनी बॅटरीचा उजेड धरला. पहिल्याच खेपेला पेटलं. "पेटला गो!" ते ओरडले, आणि मला रडू फुटलं. त्या इंजिनाची आता कुणीच वाट बघत नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला फोन करून सांगितलं.

"मग आता पुढे काय?" त्याने विचारलं.

"आज रात्रभर चालवून बघते," मी म्हणाले. फोन कानाला धरूनच मी टाकीपाशी बसले आणि वहीत चालल्याचे तास लिहायला घेतले.