घुंगट आणि कॅमेरा

आमच्या कारखान्यात प्रशिक्षण म्हणजे पूर्वी एक हॉल, एक फळा आणि मी. फळ्यावर मी क्रेनचं चित्र काढायची आणि ते कुणालाच ओळखू यायचं नाही, एवढंच काय ते मनोरंजन. चहा-समोसे आले की निम्मा वर्ग जागा व्हायचा. झाशीच्या खंडेराव गेटजवळ पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरातली मी, शिकवायची हिंदीत, पण रागावले की तोंडून मराठीच यायचं. त्यामुळे आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या बुंदेली कामगारांनाही माझं ‘कर्म माझं’ पाठ झालं होतं. मी तोंड उघडायच्या आधीच मागच्या बाकावरून कुणीतरी ते म्हणून टाकायचं.

मग वरून हुकूम आला, यापुढे सुरक्षेचं शिक्षण ई-लर्निंगने. हॉलमधली बाकं गेली, ओळीने संगणक आले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक कॅमेरा. समोर बसलेला माणूस तोच आहे ना आणि जागा आहे ना, हे तो कॅमेरा पाहणार होता. हे कळल्यावर पहिल्या दिवशी सगळे दाढी करून, केस चापून बसवून आले. दिल्लीहून कुणी साहेब बघतोय अशी त्यांची समजूत होती. एकाने तर बसण्याआधी कॅमेऱ्याला हात जोडून नमस्कार केला. हसू आलं, पण मी हसले नाही. पगार देणारा कुठून बघतोय हे कळत नसेल, तर सगळीकडे हात जोडावेत हेच बरं.

संगणकातून एक बाई बोलायची. बोलायची म्हणजे आकाशवाणीच व्हायची. इतकी शुद्ध हिंदी मी झाशीत कुणाच्याही तोंडी ऐकलेली नाही. हेडफोन येणार होते, ते आले नाहीत, त्यामुळे तिचा प्रत्येक शब्द खोलीभर ऐकू जाई. कुणी जरा वाकून बुटाची नाडी बांधायला लागला की ती म्हणे, ‘आपका चेहरा दिखाई नहीं दे रहा है।’ तीनदा असं झालं की परीक्षा बाद आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्याच तुकडीत ती होती. नवरा आजारात गेला आणि त्याच्या जागी तिला मदतनीस म्हणून घेतलं. वय तिशीच्या आतलं. वर्षभराची उमेदवारी संपत आली होती आणि हा ऑनलाइन कोर्स पुरा झाल्याशिवाय नोकरी कायम होणार नव्हती. कोर्स महिनाअखेरीला बंद होणार होता. घरात दोन लहान मुली. म्हणजे सगळं त्या संगणकावर येऊन ठेपलं होतं.

आणि त्याच खोलीत, तिच्या मागच्या रांगेत, दाऊ होते. दाऊ म्हणजे तिचे थोरले दीर, इथल्या भाषेत जेठ. सगळा कारखाना त्यांना दाऊच म्हणतो. क्रेनखाली उभं राहून साखळ्या अडकवायचं काम त्यांनी आयुष्यभर केलंय. बुंदेलखंडात सून जेठासमोर तोंड उघडं टाकत नाही, त्यांच्याशी बोलत नाही, त्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने दुसऱ्याशीही बोलत नाही. काही सांगायचं झालंच तर तिसऱ्या माणसाकरवी. शहरातल्या मुलींनी हे कधीच सोडलं, पण ही दोघं खेड्यातून येत. ती टेम्पोत बसे आणि दाऊ टेम्पोच्या मागेमागे मोटरसायकलवर. आपल्या मोटरसायकलवर तिला बसवायचं त्यांच्या मनातही येत नसे आणि तिला एकटीला सोडायचंही नाही.

तेव्हा ती संगणकासमोर बसली ती नाकाच्या खाली घुंगट ओढून. आकाशवाणी सुरू झाली. ‘आपका चेहरा दिखाई नहीं दे रहा है।’ भर खोलीत, जेठांसमोर, कुणीतरी तिला तोंड दाखवायला सांगत होतं. तिने काय केलं असेल? घुंगट आणखी खाली ओढलं. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा घुंगट खाली. तिसऱ्या वेळेला परीक्षा बाद झाली, तेव्हा तिची हनुवटीही दिसत नव्हती.

माझा पारा चढला. आमच्या घरात पदर खांद्यावरून डोक्यावर जातो तो फक्त पूजेला, त्यामुळे मला हे सोपं वाटत होतं. मी तिच्याजवळ जाऊन हळूच सांगितलं, बाई गं, घुंगट वर कर, नोकरीचा प्रश्न आहे. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. दाऊ उठून खोलीबाहेर गेले होते. ते गेल्याबरोबर तिने घुंगट मागे घेतलं आणि प्रश्न वाचायला लागली. भराभर वाचत होती. मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच मागच्या रांगेतून आकाशवाणी दाऊंच्या रिकाम्या खुर्चीला सांगायला लागली की आपला चेहरा दिसत नाही. ते धावत परत आले आणि पुढे घुंगट खाली आलं. दोन दिवस हाच खेळ. एक उघडी पडली की दुसरा बाद, दुसरा बसला की पहिली बाद. बाकीचे आपापली परीक्षा सोडून हे बघायला लागले आणि त्या नादात त्यांचेही चेहरे दिसेनासे झाले.

तुकडी बदलून घ्यावी म्हणून मी मुख्य कार्यालयाला फोन केला. तिकडचा मुलगा मोठा नम्र होता. तुकड्या विभागवार ठरल्यात, बदल पुढच्या फेरीत होईल, म्हणाला. पुढच्या फेरीपर्यंत या बाईची नोकरी राहणार नाही, असं मी सांगितलं, तर तो म्हणाला, मॅडम, त्यांना घुंगट काढायला सांगा ना. फोन ठेवल्यावर मी त्याला मराठीत जे काही म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. राग त्या मुलावर नव्हता. दोन दिवसांपूर्वी मी तिला तेच सांगितलं होतं.

दाऊंविषयी माझं मत तोवर बरं नव्हतं. मोठेपणाचा तोरा मिरवणारा पुरुष, अशीच मी त्यांची नोंद करून ठेवली होती मनात. म्हणून त्यांच्या विभागाच्या सुपरवायझरना गाठून मी म्हटलं, तुम्हीच समजवा जरा त्या माणसाला. उलट त्यांनीच मला सांगितलं की ही नोकरी तिला मिळाली ती दाऊंमुळेच. घरच्यांना ती धाकट्या दिराला द्यायची होती, बाई कारखान्यात काय करणार म्हणून. दाऊ सगळ्यांच्या विरोधात उभे राहिले, गावात वर्षभर त्यांच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. नोकरी तिच्या नवऱ्याची होती, तेव्हा ती तिलाच मिळेल, एवढं एकच ते म्हणत राहिले. मला लाज वाटली असं नाही म्हणणार, पण त्यांच्याकडे बघायची माझी नजर बदलली हे खरं.

त्या दिवशी दाऊ स्वतःच माझ्याकडे आले आणि आपली परीक्षा रद्द करा म्हणाले, म्हणजे ते बाहेर थांबतील आणि बहूचं होऊन जाईल. पण कोर्स नसेल तर क्रेनखाली उभं राहता येणार नाही, असा नवा नियम. निवृत्तीच्या तोंडावर त्यांना गेटवर स्टूल टाकून बसवलं असतं. मी सरळ नाही म्हटलं. दोघांचंही होईल, माझ्यावर सोडा.

घरी जाऊन फडताळातून एक जुना जाड पडदा काढला, हिरवा, पानाफुलांचा. लेकीने कशाला म्हणून विचारलं, हिंदीतच. मी मराठीत बोलते आणि ती हिंदीत उत्तर देते, आमचा संसार असा चालतो. मी सांगितलं, उद्या कॅमेऱ्याला फसवायचंय. प्रत्यक्षात फसवणार होते मी कुणालाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या मधोमध दोरी बांधली आणि दोन रांगांमध्ये पडदा सोडला. इलेक्ट्रिशियनने कॅमेऱ्याला उजेड पुरावा म्हणून तिच्या बाजूला एक जास्तीचा दिवा लावून दिला. हाच महिन्याचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी कोर्स बंद.

ती आली, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांनी घुंगट मागे सारलं. मी तिचा चेहरा पहिल्यांदाच नीट पाहिला. केवढी लहान दिसत होती. आकाशवाणी गप्प राहिली. आगीचे प्रश्न झाले, विजेचे झाले, हेल्मेट-बूट झाले. सगळी उत्तरं बरोबर. पडद्याच्या पलीकडे दाऊ एका बोटाने आपली उत्तरं देत होते, सावकाश. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

शेवटच्या प्रश्नाला मात्र माझं पाठ थोपटणं थांबलं. तो मीही आधी पाहिला नव्हता. संगणकाच्या पडद्यावर एक चित्र, क्रेनला लटकलेला बोजा, खाली पाठमोरा माणूस. साखळी सुटते आहे. सूचना अशी की खालच्या माणसाला मोठ्याने ओरडून सावध करा. माइक ऐकणार आणि शेजारची पट्टी आवाज पुरेसा मोठा झाला की हिरवी होणार. तीन संधी. चेहऱ्याचं मी जमवलं होतं, पण पडद्याने आवाज कसा अडणार?

पहिल्या संधीला तिचे ओठ हलले, पण आवाज माझ्यापर्यंतही आला नाही. पट्टी तशीच. दुसऱ्या वेळेला थोडी कुजबुज झाली, पट्टी जरा थरथरली आणि बसली. खोलीत सगळे थांबले होते. तिने डोळे मिटून घेतले. कपाळावर घाम होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्याऐवजी मीच ओरडून द्यावं असं वाटलं, पण ते खोटं झालं असतं आणि एवढ्या लांब येऊन मला तिला खोट्यावर कायम करायचं नव्हतं. एकच संधी उरली होती.

तेवढ्यात पडद्यापलीकडून दाऊंचा आवाज आला. मला उद्देशून, रीतीप्रमाणे.

“मैडम जी, बहू से कै दो, क्रेन के नीचे तो हमई ठाड़े रत हैं। बा नईं चिल्लाहे तो हमें कौन बताहे?”

तिने ते ऐकलं होतं, सगळ्या खोलीने ऐकलं होतं. तरी निरोप पोचवायचं काम माझं होतं, म्हणून मी खाली वाकून तिला सांगितलं. क्रेनखाली तेच उभे असतात. तू ओरडली नाहीस तर त्यांना कोण सांगणार?

ती चित्राकडे बघत राहिली. पाठमोऱ्या माणसाकडे. मग तिने माइक जवळ ओढला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली.

“दाऊ, हट जाओ!”

लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांना मारलेली ती पहिली हाक. खिडक्यांच्या काचा वाजल्या असं मला वाटलं. पट्टी तळापासून टोकापर्यंत हिरवी झाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी हसलंही नाही. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली आणि मी तिचं डोकं पोटाशी धरून उभी राहिले. मलाही रडू येत होतं, ते काही मी लपवलं नाही.

दाऊंचाही कोर्स संध्याकाळच्या आत पुरा झाला आणि तिची नोकरी कायम झाल्याचा कागद पुढच्या आठवड्यात आला. पण मला आठवतो तो त्या हाकेचा क्षण. तिची हाक घुमली तशी पडद्यापलीकडे खुर्ची जोरात सरकली. काय झालं म्हणून मी पडदा बाजूला करून डोकावले. दाऊ आपली जागा सोडून भिंतीला पाठ लावून उभे होते. हाक आली तसे ते खरोखरच बाजूला झाले होते.