माईकवरचं 'तू'

रेजिस कॉर्बेलचा आवाज निम्म्या फ्रान्सने झोपेतसुद्धा ओळखला असता, आणि चेहरा त्याच्या पॅरिसच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांनीही धड ओळखला नसता. टीव्हीवर रग्बीचं समालोचन करणाऱ्याचं असंच असतं. सामन्याआधी मिनिटभर त्याला दाखवतात, तेव्हा लोक फ्रीजमधून बिअर काढत असतात.

गडी मूळचा उत्तरेकडचा, अमियाँचा. तिकडे रग्बीचं कुणाला काय पडलंय! सुरुवातीला हा रेडिओवर घोड्यांच्या शर्यतीचे निकाल वाचायचा. मग टीव्हीवाल्यांनी उचलला आणि जे कुणाला नको ते याच्या गळ्यात मारलं. बर्फावरची हॉकी, लोखंडी गोळ्यांचा खेळ, एकदा तर ओंडके फोडायची स्पर्धा. बिचाऱ्याने सगळं मन लावून केलं. एका रविवारी रग्बीचा समालोचक आजारी पडला म्हणून याला तुलूजला धाडला, तर याने एकाच संघातल्या दोन टकल्यांची अदलाबदल करून टाकली. धावला एक, कौतुक दुसऱ्याचं. दक्षिणेतून चॅनेलला शिव्यांची पत्रं गेली. तरी आवाज साहेबांना आवडला होता, म्हणून पुढच्या सामन्यापासून त्याच्या शेजारी आन्सेल्म लाबादीला आणून बसवलं.

आन्सेल्म म्हणजे दक्षिणेतल्या जेर भागातल्या एका खेड्यातला धिप्पाड माणूस. तरुणपणी स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ खाली वाकून एकमेकांना रेटतात ना, त्यात पहिल्या रांगेत डोकं घालायचा. कान पार कोबीच्या गड्ड्यासारखे झालेले. पण त्या गर्दीत आत काय शिजतंय ते त्याला बाहेरून दिसायचं. डावीकडचा आता बसणार, म्हणायचा, आणि तो बसायचाच.

पहिले काही सामने दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होते. 'तुम्हाला काय वाटतं, आन्सेल्म?' 'अगदी बरोबर बोललात, रेजिस.' चॅनेलचा साहेब वैतागला.

"रग्बी चाललीय का नोटरीच्या ऑफिसात वाटणी? दोन दोस्त सोफ्यावर बसलेत असं वाटलं पाहिजे लोकांना. माईकवर अरे-तुरे करायचं."

झालं. लाल दिवा लागला की 'तू'. दिवा विझला की आन्सेल्म हेडफोन काढायचा, कान चोळायचा आणि विचारायचा, "जेवायला येताय ना तुम्ही?"

आता आम्हा फ्रेंचांची रीत अशी, की 'आजपासून अरे-तुरे करू या' हे मोठ्याने म्हणायचं. आन्सेल्म वयाने मोठा. रेजिस वाट बघत राहिला. या रविवारी म्हणेल, नाताळात म्हणेल, अंतिम सामन्यानंतर दोन घोट झाल्यावर तर नक्की म्हणेल. नाही म्हणाला. बघता बघता वीस वर्षं गेली.

या वीस वर्षांत रेजिसच्या डोक्याचा नुसता भुगा झाला. दुकानात लोक म्हणायचे, "काय दोस्ती आहे हो तुमची!" तो हसून मान डोलवायचा आणि रस्त्यात विचार करत बसायचा, की आहे का? आन्सेल्मने मुलीच्या लग्नाला बोलावलं, तेव्हा पत्रिकेवर 'तुम्ही यावं' असं होतं. पण तेव्हा रेजिसची बायको अजून सोबत होती, म्हणजे ते 'तुम्ही' दोघांसाठी असणार. त्यावरून काय कप्पाळ ठरवायचं? लग्नाला हा गेलाच नाही, चॅनेलने एकट्यालाच एका सामन्याला धाडलंय असं सांगितलं. पुढे बायकोही गेली, दुसऱ्याबरोबर. जाताना म्हणाली, "तुला एक माणूस आहे जवळचा, आणि तोही फक्त शनिवार-रविवार."

आणि मग ते घराचं निघालं. क्लेरमाँच्या एका सामन्यात एक खेळाडू जबर पडला. स्ट्रेचर येईना, खेळ थांबलेला, आणि माईक काही रिकामा ठेवता येत नाही. तेव्हा आन्सेल्म म्हणाला, "रेजिस, तू रिटायर झालास ना, की आमच्याकडे ये. आमच्या भिंतीला लागून घर रिकामं आहे. बघून ठेवलंय मी तुझ्यासाठी." साऱ्या देशाने ऐकलं. रेजिसने काहीतरी विनोद केला, तोवर खेळ सुरू झाला. दिवा विझल्यावर आन्सेल्मने विचारलं, "गाडी कुठे लावलीत तुम्ही?" घराचा शब्द नाही.

त्या वसंतात चॅनेलने दोघांनाही फुलं देऊन घरी पाठवलं. महिन्याभरात रेजिसच्या घरमालकाने फ्लॅट परत मागितला, त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं म्हणे. आता जायचं कुठे, हा प्रश्न होताच. पण रेजिसला खाणारा प्रश्न वेगळा होता. ते घर खरं होतं की वेळ भरायला बोललेलं? आणि बोलणारा आपला कोण होता? त्याने फोन केला, नुसताच, भेटायला येतो म्हणून. फोनवर दोघंही मोठे चलाख. "कसं काय?" "ठीक." "येणं कधी होतंय?" "रविवारी जमेल." तू नाही की तुम्ही नाही.

आगगाडीत बसून रेजिसने ठरवून टाकलं. मोठेपणाची रीत गेली चुलीत, आपणच 'तू' म्हणायचं. खिडकीकडे तोंड करून त्याने सरावही केला. कसा आहेस, आन्सेल्म? समोरची बाई डबा बदलून बसली.

गावात बसमधून उतरला तर पाववाला दारातच उभा.

"काय रे पॅरिसकर, आलास होय शेवटी? ते घर अजून रिकामंच आहे बघ."

ओळख ना पाळख, आणि सरळ 'आलास होय'. रेजिसला बरं वाटलं. फाटकाशी आन्सेल्म इस्त्रीच्या सदऱ्यात उभा होता. रेजिसने दोन्ही हात पसरले.

"कसा आहेस, आन्सेल्म?"

आन्सेल्म क्षणभर थबकला. त्याने चक्क मागे वळून पाहिलं, कुणी कॅमेरा घेऊन आलंय की काय म्हणून. मग सामन्याआधी हसायचा तसा तोंडभर हसला.

"ये ये, रेजिस! बघा कोण आलंय!"

पुढचे दोन तास जेवण नव्हतं, प्रक्षेपण होतं. कोबी-घेवड्याचं सूप झालं, बदकाच्या तंगड्या झाल्या, शेजारीपाजारी डोकावून गेले, आणि आन्सेल्म आपला 'सांग ना रेजिस', 'आठवतं का तुला', असा घसा ताणून बोलत होता. रेजिसही बोलत होता. जुने विनोद, जुने सामने. घराचा विषय कुणी काढला नाही. रेजिसला मात्र वाटलं, वीस वर्षांत एवढंच होतं तर. कॉफी न पिता आन्सेल्म परसात वाफे बघायला निघून गेला.

रेजिस आपली ताटली घेऊन मोरीपाशी गेला. आन्सेल्मची बायको माइते भांडी विसळत होती.

"तुमचं काही बिनसलंय का दोघांचं?" तिने मागे न बघता विचारलं.

"नाही. का?"

"मग हे टीव्हीचं सोंग कशाला? आठवडाभर हा माणूस जागेवर नाही. शनिवारी माझ्याकडून टेबलावरचा कपडा दोनदा धुऊन घेतला. आणि तुम्ही दारातूनच सुरू झालात अरे-तुरे. मघाशी आत येऊन म्हणाला, हे तर लोकांना दाखवायला आलेत."

"पण मी... दोस्त म्हणूनच..."

"अहो, आमचा माणूस पाद्रीबाबाला 'तू' म्हणतो. आमदाराला 'तू' म्हणतो, पाववाल्याच्या गाढवाला 'तू' म्हणतो, मला पहिल्या नाचापासून 'तू' म्हणत आलाय. 'तुम्ही' फक्त त्याच्या आईला म्हणायचा. आणि तुम्हाला. मी इतकी वर्षं विचार करतेय, की हा पॅरिसचा असा कोण लागून गेलाय!" तिने हात पुसले. "त्यालाच विचारलं एकदा. म्हणाला, 'तू' टीव्हीसाठी, 'तुम्ही' आमचं दोघांचं."

रेजिस ताटली हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला हसू येत होतं की रडू, त्याचं त्यालाच कळेना. वीस वर्षं तो ज्या शब्दाची वाट बघत होता तो फुकटातला निघाला, आणि जो दर रविवारी पदरात पडत होता त्याच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. शिवाय लग्नाला गेला नव्हता, त्याचं काय? माइतेने ताटली त्याच्या हातून काढून घेतली आणि परसाच्या दाराकडे मान उडवली.

आन्सेल्म कांद्याच्या वाफ्यात वाकला होता. रेजिस जवळ गेला.

"आन्सेल्म," तो म्हणाला, "तुम्ही त्या घराबद्दल बोलला होतात. क्लेरमाँला."

आन्सेल्म सावकाश उठला. हाताची माती त्याने विजारीला पुसली.

"छप्पर गळतं त्याचं," तो हळूच म्हणाला. "ते मी टीव्हीवर सांगितलं नव्हतं तुम्हाला."